गुडघ्याची उपकारस्तुती

माझी मोठीआई कुंदाबाई, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, देवाचे उपकार मानायला उभी राहिली की घड्याळाकडे बघण्यात अर्थ नसतो. मुर्री गावातल्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत दर रविवारी उपासनेत साक्षीची वेळ असते, म्हणजे देवानं आपलं काय भलं केलं ते उभं राहून सगळ्यांना सांगायचं. बाकीचे लोक नोकरी लागली, बाळ झालं, असं काही ठणठणीत कारण असेल तरच उठतात. मोठीआई दर रविवारी उठते. खुडूक कोंबडी पुन्हा अंडी द्यायला लागली, उपकार. गॅस संपला, पण भात शिजल्यावर संपला, उपकार. मी नर्स आहे, रविवारी दुपारची ड्यूटी असते, म्हणून मागून तिचा पदर ओढत राहते. ती माझा हात झटकते आणि पुढचा उपकार सुरू करते.

गेल्या पावसाळ्यात तिच्या नवऱ्याचा, आमच्या गोपीचंद मोठेबाबांचा, बांधकामावर खिळ्यावर पाय पडला. मिस्त्री माणूस, खिळा काय पहिल्यांदा लागला होता? पण चप्पल झिजलेली, त्यात अंगात शुगर. त्यांनी जखमेत हळद दाबली आणि आठवडाभर कुणाला सांगितलं नाही. मला कळलं तेव्हा पंजा काळा पडला होता. मी एवढी ओरडले की शेजारची माणसं अंगणात आली. नागपूरच्या डॉक्टरांनी डावा पाय कापला, पण गुडघ्याखाली. गुडघा शाबूत असला की नकली पाय चांगला बसतो, माणूस चालायला लागतो, हे त्यांनी दोनदा समजावून सांगितलं.

मोठेबाबांना त्यातलं काही ऐकायचं नव्हतं. घरी आले ते आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले. पाय कापल्याचं कुणाला सांगायचं नाही, अशी आम्हाला तंबी दिली. ऑपरेशन झालं, एवढंच बाहेर ठाऊक. दीड महिन्यात जखम भरली, नकली पायाच्या मापासाठी पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारची तारीख मिळाली, तर म्हणाले, "मी नाई जात. मले पडू द्या." ताट अर्धंच परत यायचं. दवाखान्यात मी अशी माणसं पाहिली आहेत. पडून राहतात, आणि मग त्यांना कुणी उठवू शकत नाही. मी मनातून पार घाबरले होते.

आणि मोठीआई काय म्हणाली? "टीना, येत्या रविवारी मी घरी उपकारस्तुती ठेवून राहिली."

आमच्यात घरी उपकारस्तुती ठेवतात ती घर बांधलं, लग्न जुळलं, दुखणेकरी बरा झाला अशा वेळी. चार गीतं, प्रार्थना, मग चहा-पोहे.

"कायची उपकारस्तुती?"

"गुडघ्याची."

माझं डोकंच फिरलं. "मोठीआई, पाय गेला त्यांचा!"

"पायासाठी रडून झालं माह्यं. गुडघ्याचे आतावरी कोनी उपकारच नाई मानले."

तिनं निरोप दिला तो पास्टर लीलाधरांच्या मुलीला, भूमिकाला. भूमिकानं मंडळीच्या ग्रुपवर टाकलं, 'गोपीचंदभाऊंच्या पायाबद्दल उपकारस्तुती, रविवारी चार वाजता.' झालं! उपकारस्तुती म्हटल्यावर लोकांनी जो अर्थ लावायचा तोच लावला. पाय वाचला. मोठेबाबांच्या तंबीमुळे लोकांना काहीच ठाऊक नाही, हे मोठीआईच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

त्या रविवारी मी ड्यूटी बदलून घेतली होती. तीसेक माणसं हसतमुखानं अंगणात आली. मंडळीतल्या सुशीलाबाईंनी पेढे आणले. मोठेबाबांचा वीस वर्षांपासूनचा कामावरचा जोडीदार दुर्गाप्रसाद आमच्या मंडळीतला नाही, पण कुणीतरी त्यालाही सांगितलं होतं. तो कोरा खोका घेऊन आला आणि कुणी अडवायच्या आत सरळ खोलीत शिरला. "ऊठ बे गोप्या! नवी चप्पल आनली तुह्यासाठी!" म्हणत त्यानं थट्टेनं चादर ओढली.

मी दारातच होते. दुर्गाप्रसाद मटकन खाली बसला. खोका त्याच्या हातातच राहिला.

"कोनं बोलावलं सगळ्यायले?" मोठेबाबा गरजले. "तमाशा लावला का वो माह्या पायाचा?" अंगणातलं गाणं बंद पडलं. लोक दाराशी गोळा झाले, पाहिलं आणि माना खाली घातल्या. मला जमीन फाटून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

मोठीआईनं मात्र शांतपणे दुर्गाप्रसादच्या हातातला खोका घेतला. "बरं केलं भाऊजी. दोनी लागतीन. नकली पायालेबी चप्पल लागते." मग खाटेपाशी बसली, नवऱ्याच्या डाव्या गुडघ्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. "परमेश्वरा, डॉक्टर पहिले गुडघ्याच्या वरून कापतो म्हनत होता. तू गुडघा राखला. तुह्ये उपकार." तीस माणसांसमोर एवढंच. तिच्या आयुष्यातली ती सगळ्यात छोटी उपकारस्तुती असेल.

मी रागानं डोळे मिटले नव्हते, म्हणून मला दिसलं. मोठेबाबांनीही डोळे मिटले. उपासनेत कायम शेवटच्या रांगेत बसणारा हा माणूस. मोठ्यानं प्रार्थना करताना त्यांना मी कधी ऐकलं नव्हतं.

"देवा," ते म्हणाले, "पायाचे उपकार मी नाई मानत. गुडघ्याचेबी नाई. मी तुह्यावर रागावलो आहो, तुले माहीत आहे." मग मिटल्या डोळ्यांनीच मोठीआईकडे हात केला. "ही बाई दीड महिन्यापासून माह्या खाटेपाशी जमिनीवर झोपून राहिली. मी ताट सरकवलं का दुसरं वाढून आनते. हिले तू कायची बनवली, मले समजत नाई. पन हिचे उपकार. तीस वर्षं झाले, मी मानलेच नाई. गुरुवारी मी मापाले जातो. हिच्यासाठी जातो, तुह्यासाठी नाई."

पुढे शेवट कसा करायचा ते त्यांना सुचेना. सगळे डोळे मिटून वाट बघत होते. मोठीआई तोंडात पदर कोंबून हमसून हमसून रडत होती. या दीड महिन्यात तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि माझेही डोळे वाहत होते.

दुर्गाप्रसादनं मला कोपरानं हळूच ढोसलं. "आता काय म्हनतेत?"

"आमेन."

"आमेन!" तो खणखणीत आवाजात म्हणाला, आणि मग आम्ही सगळे म्हणालो.