विहीणबाई गाडीखाली

माझी आई अठ्ठावीस वर्षं बसडेपोत गाड्यांच्या पोटाखाली होती. हातात छोटी हातोडी घेऊन ती एकेका बोल्टावर टकटक करायची आणि ढिला कुठला, ते आवाजावरून सांगायची. डेपोत तिचं नावच पडलं ठोकताई. निवृत्त झाल्यावर मात्र ती इतकी कंटाळली, की कुकरच्या शिट्टीतही खोट काढायला लागली.

अशात माझ्या सासूबाईंनी एक जुनं मोटारहोम विकत घेतलं. सासूबाई इस्पितळाच्या प्रयोगशाळेत होत्या. पस्तीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेल्या. "आता जरा लांबचं बघायचंय," म्हणाल्या. गाडीत पलंग दोन. सोबतीला कोण? विहीणबाई!

मी आणि नवरा चिंतेत पडलो. या दोघी एकमेकींशी इतक्या अदबीनं वागायच्या, की दारातून आधी कोणी आत जायचं, यावर पाच मिनिटं मोडायची. आता दीड महिना एका गाडीत!

निघायच्या सकाळी आई डोक्याला फडकं बांधून, काखेत पुठ्ठा मारून हजर.

"अहो, हे काय? निघायचंय ना?" सासूबाई म्हणाल्या.

"निघू की. आधी खालून बघते."

"छान आहे हो गाडी. पडदेसुद्धा नवे लावलेत."

"पडद्यांवर गाडी चालत नाही, विहीणबाई."

आईनं टेपनं दोन्हीकडची उंची मोजली. डावी बाजू दोन बोटं खाली होती. पाण्याची टाकी डावीकडे आहे, तिचं वजन असणार, असं सासूबाईंचं म्हणणं. टाकी रिकामी केली, शेजाऱ्यांच्यासुद्धा कुंड्या भिजल्या, पण गाडी तश्शीच कललेली.

मग आईनं जॅक लावला, चौकटीखाली लोखंडी घोड्या ठेवल्या. "नुसत्या जॅकच्या भरवशावर आत शिरणारा पेन्शन घ्यायला येत नाही," असं म्हणून ती पुठ्ठ्यावर आडवी झाली आणि आत सरकली. टकटक सुरू झाली. एक शॉकअप तेलानं ओला निघाला. रबरी बुशांचा तर बिस्किटासारखा भुगा झालेला. पण गाडी कलायचं कारण काही सापडेना. शेवटी ती डाव्या चाकावरचा भार झेलणाऱ्या पाट्यांपाशी आली. एकावर एक रचलेले ते लोखंडी पाटे चिखलानं असे लिंपलेले, की हातोडीचा आवाजच बसला. तिनं तारेच्या ब्रशनं घासायला घेतलं. सासूबाई बाहेरून वाकून टॉर्च धरत होत्या, पण उजेड भलतीकडेच पडत होता.

"अगं, जरा आत घाल की टॉर्च! झोपलीस का?"

डेपोतला आवाज! मी चहाचा ट्रे घेऊन पायरीवर थिजले. नवरा एकदम झाडाकडे बघायला लागला.

सासूबाईंनी चष्मा वर सारला, जमिनीवर आडव्या झाल्या आणि सरपटत आत शिरल्या. बाहेर राहिले पायांचे दोन जोड.

"सरक तिकडे," आतून सासूबाईंचा आवाज आला. "हे लाल काय आहे? केसाएवढं?"

"कुठंय?"

"अगं, हे बघ. वरून तिसरा पाटा."

ब्रश दोनदा फिरला.

"तडा आहे," आई सावकाश म्हणाली. "आरपार. त्यातून गंज पाझरतोय. माझ्या नजरेतून सुटला असता गं."

आईच्या तोंडून अशी कबुली मी जन्मात ऐकली नव्हती. तिच्या मनाला लागलं असेल, या विचारानं मी खाली वाकले, तर दोघी हसतायत! इतक्या, की सासूबाईंना त्यांचं त्यांना बाहेरच येता येईना. नवऱ्यानं आणि मी त्यांना पाय धरून ओढून काढलं.

गॅरेजवाल्यानं पाटे सोडवले तेव्हा तो तिसरा पाटा त्याच्या हातातच दोन तुकडे होऊन आला. "उतारावर निखळला असता तर..." म्हणत त्यानं तुकडे बाजूला ठेवले. दोन्ही बाजूंचे पाटे, शॉकअप, बुश सगळं नवं बसेपर्यंत नऊ दिवस गेले. तेवढ्या दिवसांत "अहो-जाहो" जे गेलं ते गेलंच. वरचा पलंग कोणाचा, यावर दोघी दोन दिवस उघड भांडल्या, जिंकल्या सासूबाई.

दहाव्या दिवशी त्या निघाल्या. आम्ही दोघं फाटकात हात हलवत उभे होतो, पण आमच्याकडे बघायला त्यांना सवड कुठे! आत नकाशावरून जुंपली होती. चौकात गाडीचा डावा दिवा लुकलुकला, मग उजवा, मग पुन्हा डावा. गाडी क्षणभर थांबली आणि सरळ निघून गेली.