हमीत न बसणारी गाणी

परभणीच्या बसस्टँडजवळ माझं टायपिंगचं दुकान होतं. विद्यापीठाचं नामांतर होण्याच्या आदल्या वर्षी मी तिथं कॉम्प्युटर घेतला. ताडकळसची एक मावशी एसटीनं यायची. आमच्याच समाजातली, शेतमजुरी करणारी. नामांतराच्या मोर्च्यांत तिनं रचलेली गाणी ती म्हणायची आणि मी थेट मशीनवर उतरवून घ्यायचे. त्यांची पुस्तिका काढायची होती.

एका सकाळी मशीन सुरू केलं तर आतून टकटक आवाज आला आणि पडदा काळाच राहिला. हार्ड डिस्क गेली होती. गाणी फक्त तिच्यातच होती.

वॉरंटी वर्षभराची होती, अजून संपली नव्हती. डिस्क फडक्यात गुंडाळून मी औरंगाबादला गेले. विक्रेता म्हणाला, "व्होल्टेजनं गेली. हे वॉरंटीत बसत नाही."

"स्टॅबिलायझर तुमच्याच माणसानं बसवलाय."

"मग मुंबईला पाठवतो. कंपनी ठरवेल."

दोन महिने तो "पाठवलीय" एवढंच सांगत राहिला. एका खेपेला मी दुकानाच्या आत डोकावले, तर माझी डिस्क त्याच फडक्यात कपाटावर पडलेली. खुर्ची दाराजवळ ओढून बसले. गिऱ्हाईक आलं की सांगायचे, "घ्या खुशाल, पण बिघडल्यावर काय करतात ते आधी विचारून घ्या."

"बाई, तुम्ही माझा धंदा बुडवायलाय," तो म्हणाला.

"डिस्क द्या, मी उठते."

दुपारी त्यानं माझ्यासमोर मुंबईला फोन लावला. पुढच्या आठवड्यात नवी डिस्क आली.

"आणि आतलं?" मी विचारलं.

"त्याची हमी कुणीच देत नाही."

परतीच्या गाडीत नवी डिस्क मांडीवर होती, पण जिंकल्यासारखं वाटेना.

मावशीला सांगितलं तर ती चिडली. "पुन्यांदा म्हनू? तवा रस्त्यावर पोटातून आलतं ते. आता कुटून आनू?" त्यानंतर ती दुकानात आलीच नाही.

मग मीच ताडकळसला जायला लागले. ती खुरपत असायची. मीही खुरपं घेऊन शेजारच्या ओळीची पात धरून बसायचे. गाण्यांचा विषय काढायचा नाही, असं ठरवूनच गेले होते. तिसऱ्या खेपेला ती आपणहून गुणगुणायला लागली. ओळ अडली की पलीकडच्या पातीतली तिची जाऊ पुढची जोडायची. मी ते घोकत दुकानी यायचे, उतरवायचे आणि लगेच दोन फ्लॉप्यांवर घ्यायचे. एक फ्लॉपी भावाच्या घरी ठेवायचे.

नामांतर झालं त्या वर्षीच्या उन्हाळ्यात पुस्तिका छापून झाली. काही गाणी परत आली नाहीत, काहींचे शब्द बदलले. पहिली प्रत मावशीला दिली. तिनं विचारलं, "जाऊचं नाव घातलंस का?"

"घातलंय," मी म्हणाले.

"मंग वाच."

बांधावर बसून मी पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली.