एकोणीस नावांचा सूर्य

तांब्याच्या गडूतून तुळशीच्या मुळाशी पडणारी पाण्याची बारीक धार, गोठ्याकडून येणारा शेणाचा ओलसर वास, आणि या सगळ्यावर तरंगत येणारा आईचा खणखणीत स्वर : ‘ॐ मित्राय नमः, ॐ रवये नमः...’ संगमनेरजवळच्या आमच्या गावात माझी प्रत्येक सकाळ अशी कानांतून उजाडली. गोधडीत गुरफटलेल्या मला पूर्वेची लाली दिसत नसे. पण आईचा स्वर चढू लागला, की त्यासरशी सूर्यही वर येत असणार, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

सूर्याची नावे बारा. आमच्या घरी मात्र ती एकोणीस होती! सातवे नाव, हिरण्यगर्भ, उच्चारून होते न होते तोच रस्त्यावर डेअरीचा टेम्पो हॉर्न वाजवी. आई पूर्वेकडचे तोंड न वळवताच ओरडे, ‘थांब रं, आले!’ गडू कट्ट्यावर टेकवून ती दुधाची किटली पोचवून येई आणि पुन्हा पहिल्या नावापासून सुरुवात करी. ‘अर्धं टाकल्यालं देवाला कसं चालंल?’ हा तिचा सवाल. तिने हे मंत्र कानांनी घेतले होते. मीही तिच्याकडून कानांनीच घेतले. शाळेत सूर्यनमस्कारांच्या तासाला मी ऐटीत एकोणीस नावे म्हणून दाखवली, तेव्हा सारा वर्ग खो खो हसला. घरी येऊन मी रुसून बसले. आई म्हणाली, ‘दोनदा हाक मारली म्हून सूर्य रागावतो व्हय?’

वडील गेले, गाई विकल्या, आणि आई माझ्याकडे शहरात, सावेडीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. गॅलरीत तुळस आहे, गडू तोच आहे, पूर्वही मोकळी आहे. पण ओठ नुसते हलतात, पाणी पडते, आणि आई आत येते. शिक्षण आणि नोकरीपायी इतकी वर्षे दूर राहून मी ज्या स्वरासाठी आसुसले होते, तो स्वर आई घरात असूनही हरवावा? एकदा मी मोबाईलवर कुणा गायकाच्या आवाजातली बारा नावे लावून पाहिली. ‘लई ग्वाड हाय,’ म्हणत तिने गॅलरीचे दार लोटून घेतले. मोठ्याने म्हण ना, असा हट्ट धरला तर म्हणाली, ‘हितं कोन वाट बघतंय माझी?’ मी बघते ना, आई! पण हे तोंडाने म्हणायचे राहूनच गेले.

आमचे दूधवाले काका भल्या सकाळी दाराच्या कडीला पिशवी अडकवून जातात. मागच्या आठवड्यात ती कडी निखळली, म्हणून त्यांनी बेल वाजवली. आणि गॅलरीतून, किती वर्षांनी, तोच आवाज आला : ‘थांब रं, आले!’ ओल्या हातांनी तिने पिशवी घेतली, ओट्यावर ठेवली, माझ्याकडे पाहिलेही नाही. ती परत गॅलरीत गेली. ‘ॐ मित्राय नमः...’ स्वर कापत होता, मध्येच दम लागत होता. पण तो शेजाऱ्यांनाही ऐकू जावा इतका मोठा होता. गॅसवरचा चहा उतू गेला आणि मला कळलेही नाही. मी रडत होते.

कडी मी अजून बसवलेली नाही. काकांना सांगून ठेवले आहे, रोज बेलच वाजवा. एखाद्या सकाळी बेल वाजेल आणि गॅलरीतून उत्तर येणार नाही, हे मला कळत नाही असे थोडेच आहे? म्हणून तर मी हल्ली जाग आली तरी उठत नाही. पांघरुणात पडून पाण्याची धार ऐकते. पहिली सात नावे आई ओठांतच म्हणते, ती मी मनातल्या मनात म्हणते. मग बेल वाजते, आणि पुढची बारा ती मोठ्याने म्हणते.