पथ्याच्या काकूंचा डबा

पथ्याच्या काकूंना डबा धुऊन परत दिलेला मुळीच खपत नसे. दुसऱ्याचं भांडं लख्ख घासून परत करायचं ही आपली सगळ्यांची रीत, पण काकूंची तऱ्हा नेमकी उलटी. डबा जसा संपेल किंवा उरेल तसाच, खरकटा, झाकण लावून पाठवायचा. खडकीतल्या दोन खोल्यांच्या घरात ओट्याशी उभ्या राहून त्या एकेक भांडं उघडत. भात किती राहिलाय, पोळीचा घास मोडून तसाच टाकलाय का, भाजी नुसतीच चिवडलीय का, हे सगळं बारकाईने बघत आणि भिंतीवरच्या वहीत टिपून ठेवत. "पेशंट डॉक्टरांशी खोटं बोलतो, घरच्यांशी तर बोलतोच. डब्याला खोटं बोलता येत नाही," असं त्या म्हणत.

काकूंची सगळी नोकरी एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात झाली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी डबे सुरू केले, ते फक्त आजारी माणसांसाठी. हे मला माहीत नव्हतं. मी वर्ध्याकडून पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला आले, विश्रांतवाडीत भाड्याने राहू लागले आणि कोणीतरी सांगितलं म्हणून डबा मागायला त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"काय होतंय आपल्याला?"

"काही नाही. डबा हवा होता."

"भूक लागते?"

"हो, खूप."

"मग आपण बऱ्या आहात. कोपऱ्यावर खाणावळ आहे." आणि दार लागलं.

तेव्हा पुण्यात येऊन मला जेमतेम चार महिने झाले होते, त्यामुळे आपला अपमान झाला की आपल्याला पत्ता मिळाला, हे मला नीट कळलं नाही. खाणावळ मात्र खरंच चांगली निघाली.

दोन वर्षांनी मी पुन्हा त्या दारात गेले ती बाबांसाठी. बाबांना आतड्याचा कॅन्सर झाला होता. आई आधीच गेलेली, म्हणून उपचारासाठी त्यांना मी पुण्यात आणलं. ऑपरेशन पार पडलं, केमो सुरू झाली आणि बाबा वाळायला लागले. दुसऱ्या डोसनंतर डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "वजन असंच उतरत राहिलं तर पुढचा डोस थांबवावा लागेल. त्यांना तो झेपणार नाही." बाबांचं सगळं आयुष्य जिनिंग फॅक्टरीत कापसाच्या गाड्यांचं वजन करण्यात गेलं होतं. आता त्यांचा जीव त्यांच्याच वजनावर येऊन ठेपला होता. मी दिवसभर ऑफिसात, संध्याकाळी अमेरिकेशी बोलणी, आणि घरी बाबा एकटे.

या वेळी काकूंनी मला आत बसवलं. इस्पितळातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेला कागद दोनदा वाचला. "ह्या कागदाबाहेर मी जायची नाही," त्या म्हणाल्या. "पण कागदावर प्रोटीन लिहिलंय, ते पानात कसं वाढायचं ते मला कळतं." तोवर आमच्या एका नातेवाइकांनी बाबांना दूध, साखर, धान्य सगळं बंद करून नुसत्या गव्हांकुराच्या रसावर राहायला सांगितलं होतं, म्हणजे रोग उपाशी मरतो म्हणे. मी भीत भीत ते काकूंच्या कानावर घातलं. "रोगाच्या आधी माणूस मरेल," काकू म्हणाल्या. "त्यांना सांगा, आधी स्वतः महिनाभर राहून बघा. औषध डॉक्टर देतील हो, पण ते सोसायला अंगात काही असायला नको?" काय खायचं नाही हे सांगणारी माणसं मला रोज भेटत होती. काय खायचं हे सांगणारं पहिलंच माणूस मला तेव्हा भेटलं.

डबा सुरू झाला. एक रिक्षावाला सकाळी आणून देई आणि आदल्या दिवसाचा घेऊन जाई. आठवडाभर डबे रिकामे परत गेले. मी खूश. आठव्या दिवशी मी रजेवर घरी होते, तर अकराच्या सुमाराला डबा घेऊन काकू स्वतःच स्कूटरवरून हजर. तीन जिने चढून आल्याने धापा टाकत होत्या. पाणीही न घेता बाबांसमोर बसल्या.

"कालची आमटी कशी झाली होती?"

"छान होती ना ताई. एकदम छान," बाबा म्हणाले.

"काल मी आमटी दिलीच नव्हती."

काकूंनी पिशवीतून एक पुडी काढून पुढ्यात ठेवली. तीत गुळाचे सात खडे होते. बाबा रोज डबा स्वच्छ धुऊन, रिकामा कसा पाठवायचा म्हणून त्यात गुळाचा खडा घालून पाठवत होते. आमच्याकडे शेजारणीचं भांडंही कधी रिकामं जात नसे. त्यातलं जेवण मात्र रोज खालच्या वॉचमनकडे जात होतं, आणि तो गेल्या आठवड्यात चांगला तुकतुकीत झाला होता हे तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. मला रडूच कोसळलं. मी बाबांवर ओरडले. काकूंनी हाताने मला थांबवलं.

"त्यांना बोलू द्या."

"ताई, तोंडाले चवच नाही राहिली," बाबा खाली मान घालून म्हणाले. "चमचा तोंडात घातला का लोखंड चाटल्यावानी वाटते. गरम जेवणाचा वास आला का मळमळते. अन् तुमच्या भाजीत गूळ असते, तो मले जातच नाही. पण तुम्ही एवढ्या मायेनं करता, नाही कसं म्हणाव तुमाले?"

गुळावरून पुण्याच्या बाईला बोलणं म्हणजे धाडसच. मला वाटलं, आता संपलं. काकूंनी पिशवीतून ती भिंतीवरची वही काढली. "मग काय जातं ते सांगा. इथे भिडेखातर उपाशी मरायची पद्धत नाही."

बाबांनी विचार करून सांगितलं, "गोळ्याची कढी." आणि मग त्यांनी ती सांगितली. डाळ भिजवून भरड वाटाची, लगदा नाही कराचा. कढीले उकळी आली का मगच गोळे सोडाचे. काकू शाळेतल्या मुलीसारख्या लिहून घेत होत्या. मध्येच त्यांचे डोळे चमकले. "अहो, डाळ आणि दही! कागदावरचं सगळं ह्यातच आहे की. आणि तुम्ही आठ दिवस गप्प बसलात?"

पहिल्या दिवशी गोळे फुटले. "डाळीची आंघोळ झाली," असा बाबांचा निरोप मी भीत भीत पोचवला. काकूंनी तो वहीत लिहिला. तिसऱ्या दिवशी कढी जमली. स्टीलचा चमचा गेला, लाकडी आला. जेवण निवल्यावर खायचं ठरलं. दोन वेळच्या जेवणाऐवजी सहा छोट्या वाट्या आल्या, दर दोन तासांनी. भूक नसली तरी वेळ झाली की चार घास. "भूक लागली की खाऊ, ही चैन बऱ्या माणसांची," असं त्या बाबांना बजावत. डबे खरकटे परत जाऊ लागले, आणि वॉचमन पुन्हा पहिल्यासारखा दिसू लागला.

पुढच्या तपासणीला बाबा इस्पितळाच्या काट्यावर उभे राहिले. वजन उतरलं नव्हतं, थोडं वाढलंच होतं. "काटा बरोबर हाय ना?" त्यांनी नर्सला विचारलं आणि खाली उतरून पुन्हा चढले. डोस थांबला नाही. पुढचे सगळेच पूर्ण झाले. शेवटचा डोस झाला त्या दिवशी मी काकूंच्या पाया पडायला गेले, तर त्यांनी डबा बंद केल्याचं सांगितलं. "त्यांना आता भूक लागते. माझं काम संपलं."

त्यानंतर बाबांना चांगली तीन वर्षं मिळाली. मग दुखणं उलटलं, आणि या वेळी डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं. मी नोकरीतून सुट्टी घेतली आणि बाबांच्या उशाशी वाटी-चमचा घेऊन बसले. जे एकदा जमलं ते पुन्हा जमेल असं मला वाटत होतं. बाबा तोंड फिरवत, मी आर्जवं करी, रागावे, तोंड पुसून पुन्हा चमचा पुढे करी. शेवटी मी काकूंना फोन केला, काहीतरी सांगा म्हणून.

त्या दुपारीच आल्या. मी बाबांच्या मिटल्या ओठांना चमचा लावून बसले होते. काकूंनी माझ्या हातातून तो हळूच काढून घेतला. कापसाचा बोळा पाण्यात भिजवून बाबांचे ओठ ओले केले. मग मला स्वयंपाकघरात नेलं.

"त्यांना भरवू नका आता."

"पण काकू, तुम्हीच तर..."

"तेव्हा त्यांच्या अंगाला अन्न हवं होतं, म्हणून मी भांडले. आता नकोय. अहो, जेवत नाहीत म्हणून ते जायला लागलेले नाहीत. ते जायला लागलेत, म्हणून जेवत नाहीत." आयुष्यभर माणसांनी खावं म्हणून झगडलेल्या त्या बाईला हे बोलणं किती जड गेलं असेल, ते मला आज कळतं. "आपण सकाळपासून काय खाल्लंत?"

मी काहीच खाल्लं नव्हतं. काकूंनी भात टाकला, वरण केलं आणि ताट वाढून बाबांच्या खाटेजवळ आणून ठेवलं. मला तिथेच बसवलं. मी नको नको म्हणत पहिला घास घेतला. बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि माझं ताट संपेपर्यंत डोळे मिटले नाहीत.