स्वप्नवालीची सहामाही

दाताच्या दवाखान्यात माणसं तोंड उघडतात ती नाइलाजाने. पण डॉक्टरांच्या खोलीबाहेर, काचेच्या दाराशेजारी बसून जी बाई पेशंटची नावं लिहून घ्यायची, तिच्यासमोर मात्र ती आपणहून उघडत. पन्नाशीला टेकलेली, अंगाने काटकुळी, आवाज मऊ. घाबरून बसलेल्या माणसाला ती एकच प्रश्न विचारायची, "रात्री झोप लागली का नीट?" दाढ ठणकत असलेला माणूस कसली नीट झोप घेतोय! तो म्हणायचा, "कसली झोप ताई, पहाटे जरा डोळा लागला तर स्वप्नात भलतंच काहीतरी पडलं." आणि ते भलतंच काहीतरी ती गालाला हात लावून ऐकत बसायची. ऐकवता ऐकवता आपली पाळी कधी आली, हे त्या बिचाऱ्याला कळायचंही नाही.

याची सुरुवात झाली होती ती खुद्द डॉक्टरांपासून. डॉक्टर उंच, किंचित वाकलेले. दिवसभर दुसऱ्यांना 'आ करा' सांगणारा माणूस, पण स्वतःच्या तोंडाला कुलूप. सकाळी हत्यारं वाफेच्या डब्यात उकळायला लावून ती चहा करायची, तेवढा वेळ मात्र ते खिडकीपाशी उभे राहून रस्त्याकडे बघत बोलायचे. "आज मी आजवर काढलेले सगळे दात एका डोंगरउतारावर लावले होते, रोपं लावावीत तसे. वारा आला की किणकिणायचे." बस्स. मागे काही नाही, पुढे काही नाही. कप खाली ठेवायचे आणि हात धुवायला जायचे. तिला ते एक वाक्य दिवसभर पुरायचं. बसमध्ये, भाजी निवडताना, अंथरुणावर पडल्यावर ते किणकिणत राहायचं.

एकदा सहज तिने अशी चार-पाच स्वप्नं टाइप करून मैत्रिणींना ईमेलने पाठवली. मैत्रिणींनी पुढे पाठवली. कुणी स्वतःचं स्वप्न जोडून परत पाठवलं. असं करता करता दर रविवारी सकाळी तिचं 'जाग येण्याआधी' नावाचं न्यूजलेटर निघू लागलं. एका टॅक्सीवाल्याच्या स्वप्नात मागच्या सीटवर समुद्र झोपला होता, तो जागा होऊ नये म्हणून हा बिचारा मीटर न टाकता हळूहळू गाडी चालवत होता. शाळेतल्या एक बाई हजेरी घेत होत्या आणि प्रत्येक नावाला त्यांच्या आईचाच आवाज 'हजर' म्हणत होता. ती फक्त भाषा जरा नीटनेटकी करायची, नावं काढून टाकायची आणि पाठवायची. पेशंट तिला कौतुकाने 'स्वप्नवाली' म्हणू लागले.

ती दादा-वहिनींकडे राहायची. त्यांची मुलगी, म्हणजे तिची भाची, जाहिरात कंपनीत नोकरीला. मोठी हुशार आणि आत्यावर जीव टाकणारी. वर्षाच्या सुरुवातीला भाचीने आत्याला समोर बसवलं.

"आत्या, किती दिवस असं चालवणार? ध्येय हवं माणसाला."

"कसलं गं ध्येय?"

"वाचक दुप्पट करायचे. एकही रविवार चुकवायचा नाही. वर्षअखेर पुस्तक. आणि नुसती स्वप्नं काय देतेस? लोकांना अर्थ हवा असतो. साप दिसला तर काय, पाणी दिसलं तर काय. मथळा असा दे की बोट आपोआप दाबलं गेलं पाहिजे."

आत्याला हसू आलं. पण मनात कुठेतरी गुदगुल्याही झाल्या. आपल्यालाही ध्येय असू शकतं, हे तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. ती कामाला लागली. रोज संध्याकाळी अर्थ शोधायचे, मथळे घासूनपुसून लखलखीत करायचे. आणि खरंच, वाचक वाढायला लागले.

अशात एका सकाळी डॉक्टर खिडकीपाशी म्हणाले, "आज मीच माझ्या खुर्चीत होतो. माझे दात एकेक करून सुटत होते, आणि मी ते तळहातावर घेत होतो. चिमणीच्या अंड्यांसारखे कोमट होते." आणि एरवी क्वचितच हसणारे डॉक्टर हसले.

त्या रविवारी मथळा निघाला, 'स्वप्नात दात पडले? घरच्यांना सांभाळा!' खाली अर्थ, की दात पडण्याचं स्वप्न म्हणजे जवळचं माणूस जाण्याची खूण. कुठे वाचलं ते तिलाही धड आठवत नव्हतं. अंक वणव्यासारखा पसरला. स्वप्न एका दातांच्या डॉक्टरांचं आहे, हे त्यात होतंच. फिरत फिरत तो अंक डॉक्टरांच्या परगावी राहणाऱ्या म्हाताऱ्या आईच्या हाती पडला. हा अंक मुलाच्याच दवाखान्यातली बाई काढते, हे आईला ठाऊक; डॉक्टर कोण ते वेगळं सांगायला नको. तिने अन्न सोडलं. डॉक्टर दवाखाना बंद ठेवून तिकडे धावले.

परत आले ते गप्प. रागावले नाहीत, बोलले नाहीत. सकाळी चहाचा कप उचलला आणि आपल्या खोलीत जाऊन प्यायले. दुसऱ्या दिवशीही तेच. खिडकी मोकळीच राहिली. तिच्या तोंडाशी दहादा शब्द आले आणि दहादा माघारी गेले.

वर्ष मध्यावर आलं तेव्हा भाची म्हणाली, "आता सहामाही आढावा लिही. काय ठरवलं, काय जमलं. लोकांना असलं वाचायला फार आवडतं. आणि तुझं तर सगळंच जमलंय, आत्या!"

दुपारी दवाखाना बंद असायचा. ती मागे थांबून डबा खायची. त्या दिवशी डबा खाऊन ती लिहायला बसली. वाचक दुप्पट झाले होते. एकही रविवार चुकला नव्हता. शाळेतल्या सहामाही परीक्षेच्या भाषेत बोलायचं तर पहिला नंबर. पण मजकूर काही पुढे सरकेना. तिने आलेली पत्रं उघडली. 'मांजर आडवं गेलं, अर्थ सांगा.' 'मेलेले काका हसले, शुभ की अशुभ?' 'विहीर दिसली, नोकरी लागेल का?' एकानेही आपलं स्वप्न नीट सांगितलं नव्हतं, सगळ्यांना निकाल हवा होता. आणि तिच्या लक्षात आलं की गेले कित्येक रविवार ती जुनीच स्वप्नं उलटसुलट करून देत होती. पेशंटही आताशा तिच्या टेबलापाशी ओठ चावायचे. टॅक्सीवाला तर परवा तोंडावर म्हणाला होता, "सांगितलं असतं ताई, पण तुम्ही काहीतरी वाईट अर्थ काढायच्या. घरात लहान पोरं आहेत."

डोळे चुरचुरायला लागले, म्हणून ती उठून आतल्या खोलीत गेली. पडदे ओढलेले, उजेड दुधाच्या सायीसारखा. कितीतरी वर्षं तिने ती खुर्ची पुसली होती, पण तिच्यावर कधी पाठ टेकली नव्हती. तिने टेकली. खुर्ची मागे झुकली, आणि दुपार हलकेच पाण्यावर सोडल्यासारखी वाटू लागली.

ती एका लांबलचक रस्त्यावर चालत होती. फुटपाथवर दोन्ही बाजूंनी पलंग मांडलेले. माणूस एकही नाही. सगळे कुठेतरी उठून गेलेले, पण चादरींवर त्यांची ऊब अजून शिल्लक. ती एकेका पलंगापाशी थांबायची, पांघरूण सारखं करायची, उशी थोपटायची. घाई कसलीच नव्हती. एका पलंगावर गादीत एक खळगा होता. तिने वाकून हात लावला, मग त्यात निजून पाहिलं. खळगा नेमका तिच्या मापाचा होता.

"ताई."

तिने डोळे उघडले. डॉक्टर दारात उभे! ती धडपडत उठायला गेली, तर खुर्चीवरच्या दिव्याचं आडवं दांडकं कपाळाला लागलं.

"सावकाश, सावकाश," डॉक्टर म्हणाले. "दात सोडून दुसरं काही दुरुस्त करता येत नाही मला."

ती खाली मान घालून उभी राहिली. मग इतके दिवस अडलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. "चुकलं माझं, डॉक्टर. तुमच्या आईंना केवढा त्रास झाला माझ्यामुळे. मी ते छापायला नको होतं."

डॉक्टरांनी स्टूल ओढलं आणि बसले. "आईला काही झालं नाही. मी गेलो तर तिने मला हात धरून खिडकीपाशी नेलं आणि म्हणाली, आ कर. एवढ्या वयाच्या बाईने चष्मा लावून माझा दातन् दात हलवून पाहिला. मग म्हणाली, सगळे घट्ट आहेत, चल जेवू."

तिला हसू फुटलं, डोळ्यांतलं पाणीही त्याच वाटेने निघालं. "मग तुम्ही बोलायचं का थांबवलंत?"

"राग नाही हो. पण सकाळी काही सांगायला गेलो की आधी मनात येतं, याचा काय अर्थ निघेल? मग तोंडाशी आलेलं मीच गिळून टाकतो." मग म्हणाले, "आता तुम्हाला काय पडलं होतं?"

हा प्रश्न तिला आजवर कुणीच विचारला नव्हता. ती पुन्हा खुर्चीच्या कडेवर टेकली आणि रस्ता, पलंग, ऊब, तो खळगा, सगळं सांगितलं. डॉक्टरांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग विचार करून विचारलं, "उशी होती?"

"होती. दोन होत्या."

"मग ठीक आहे," म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

त्या संध्याकाळी तिने आढावा लिहिला. मथळा दिला, 'अर्ध्या वर्षाची झोप'. लिहिलं, 'जे ठरवलं ते बहुतेक जमलं. त्या नादात तुमचं ऐकणं मात्र राहून गेलं. यापुढे इथे कुठल्याही स्वप्नाचा अर्थ मिळणार नाही. मला तो कधी कळतच नव्हता, मी उगाच ठोकून देत होते. पुढच्या सहा महिन्यांत दुपारी थोडी झोपायचा विचार आहे.' आणि खाली स्वतःचं स्वप्न दिलं, पहिल्यांदाच.

भाचीने डोक्याला हात लावला. "आत्या, लोक पळतील गं!"

"पळू देत. धावणाऱ्या माणसाला स्वप्न पडत नाही."

"आणि पुस्तकाचं काय?"

"ते मात्र राहू दे ध्येयात. एखादं तरी असू द्यावं माणसाला."

लोक पळाले. पुढचे काही रविवार वाचकांची यादी अशी आटत गेली की भाचीने आकडे बघायचं सोडून दिलं. चिडलेलीही काही पत्रं आली. त्यांना ती दोन-दोन ओळींत नम्र उत्तरं द्यायची. बरेच दिवस काहीच आलं नाही. मग एका बाईंनी लिहिलं, 'तुमच्या त्या रस्त्यावर मीही होते बहुतेक. माझा पलंग खिडकीशेजारी होता. पांघरूण सारखं केल्याबद्दल आभार.' तिने ते पत्र पुन्हा पुन्हा वाचलं आणि रविवारी जसंच्या तसं दिलं. हळूहळू टेबलापाशी माणसं पुन्हा बोलू लागली. टॅक्सीवाल्याने मात्र अजून काही सांगितलेलं नाही. येतो, दात दाखवतो आणि जाताना नुसता हसतो. ती त्याला विचारत नाही.

डॉक्टरांनाही वेळ लागला. एका सकाळी वाफेचा डबा फुसफुसत होता, आणि ती चहा गाळत असताना पाठीमागून आवाज आला. ते कप घेऊन खिडकीपाशी उभे होते, रस्त्याकडे बघत.

"आज एक पेशंट आला," ते म्हणाले, "आणि त्याच्या तोंडात आत खोलवर कुणीतरी दिवा लावून पुस्तक वाचत बसलं होतं. मी त्याला विचारलं, त्रास होतोय का उजेडाचा? तो म्हणाला..."

बाहेर पहिल्या पेशंटने दार ढकललं. तिने हातानेच त्याला बसायची खूण केली, आणि वळून म्हणाली, "हं, काय म्हणाला?"