खंडेनवमीला काढलेली जाळी

मिलच्या हापिसात त्येचा फोटू हाय म्हनं. पांढरी प्यांट, डोईला टोपी, आनि दोनी हात फुडं. लोकं येतात आनि म्हनतात, "फुलाबाई, तुमचा दीर किरकेटचा पगारी गडी व्हता की, सांगा काईतरी." सांगते की. पन फोटू दावू नका मला. त्ये हात बगितलं की मला आमच्या मालकांचा डोळा आटवतो.

दिराला भावजी म्हनायचं असतं खरं, पन मी लगीन हून आले तवा त्यो शेंबडा व्हता, माझ्याच हातनं जेवायचा. म्हून मी त्येला येडूच म्हनते. मालकांचं नाव भिमा. घेतलं नाव, आता काय व्हतंय?

आमी सांगोल्याकडचं, मेंढरंवालं. बसून बसून करायचं काय, म्हून मालक ढेकळं फेकायचं आनि येडू झेलायचा. आदी ढेकळं, मग गोटं. डाव्या अंगानं टाका, पाटीमागनं टाका, त्येचा हात आदीच तितं. म्हंजे झेल घ्यायला त्येला मालकांनी शिकवलं, कुना सायबानं न्हाय. येवडं ध्यानात ठेवा.

मेंढरं रोगानं गेली तवा आमी सोलापुरात आलो. भाऊ-भाऊ मागखात्यात लागलं, मी धोट्याच्या कांड्यांवर सूत भरायला. कांड्या द्यायला मला मागावर जावं लागायचं, म्हून तिथलं समदं माझ्या डोळ्यांफुडं झालं. मागाचा धोटा बगितलाय का कवा? हातभर लाकूड, दोनी टोकाला लोखंड, सुतातनं ह्या कडंचा त्या कडंला पळतो. कवा वाट सोडली की उडतोच. माणसाला लागू नये म्हून मागाला जाळी असती. कोपऱ्यातला एक माग लई खोडीचा, धोटा फेकायचा, म्हून त्येच्यावर कायमचा गडी टिकायचा न्हाय, बदली गडीच असायचा. त्या मागाच्या रांगंत पयला येडू उभा, त्येच्या मागं मालक.

त्या साली खंडेनवमीला माग पुसलं, जाळ्या काडल्या, हळद-कुक्कू लावलं, नारळ फोडलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भोंगा झाला, समद्या जाळ्या लागल्या, कोपऱ्यातलीच ऱ्हायली. दुपारच्याला धोटा उडाला. मी तितंच व्हते. माझ्या तोंडातनं आवाज फुटायच्या आत येडूनं त्यो हातात धरला. आनि परत दिऊन टाकला बदली गड्याला, जसं काय चेंडूच!

मागखात्याचा मुकादम, महिपती जॉबर, नाचायलाच लागला. पळत जाऊन मॅनेजरसाहेबाला घिऊन आला. सायबानं त्येचा तळहात उलटा-सुलटा करून बगितला आनि दुसऱ्याच दिवशी मैदानावर नेला. मिलची टीम व्हती, पन बॅटच्या तोंडाफुडं उभं ऱ्हायाला कुनी तयार नसायचं. येडूला तितं उभा केला. हातात काय न्हाय, अंगावर काय न्हाय, नुसता वाकून उभा. कागदावर त्यो विणकर, मॅच नसली की मागावर उभा, पन पगार खेळायचा. आमच्या चाळीत असा गडी पयलाच.

मला आनंद झाला न्हाय आसं म्हनत न्हाय. झाला की. चाळीतल्या बाया नळावर मला फुडं जाऊ द्यायच्या. पन त्या मागाला जाळी लागली न्हाय.

का न्हाय, तर सायबाकडं पावनं यायचं. सायब त्येंना मागखात्यात आनायचा, धोटा उडायची वाट बगायचा, आनि येडूनं धरला की टाळ्या. जाळी लावली तर तमाशा कसला? आनि आमचंच गडी, मुडदे, त्या मागाला रोज कुक्कू लावायला लागलं. म्हनं ह्या मागानं येडूचं नशीब काडलं, जाळी लावून त्येचं तोंड बांदायचं न्हाय. मी कुनाकुनाचं तोंड धरनार?

पन येडू गावाला खेळायला गेला की काय? त्येच्या जागी उभं ऱ्हायला दुसरा गडी घाबरायचा, म्हून येडूचा माग बंद. मग कोपऱ्यातला माग आनि आमचं मालक, मदी कुनी न्हाय. येडू भायेर गेला की मला भाकर गिळत नव्हती. कांड्या भरताना कान तिकडंच. धोटा उडायच्या आदी त्या मागाचा ठोका बदलायचा, जरा बोदा, दबका व्हायचा. मला वळखू यायचा. मालकांना सांगितलं, जागा बदलून घ्या. मालक हसलं. "आगं, माझ्या भावाच्या नशिबाचा माग हाय त्यो."

महिपतीला म्हनलं, जाळी लाव. त्यो म्हनला, "तुझा दीर हाय की जाळी."

"आनि दीर पुन्याला गेल्यावर?"

"लई बोलू नगंस, फुलाबाई. कांड्या दे आनि जा."

मग येडूला धरलं. पुन्याला मोठी मॅच व्हती, त्यो बूट पुसत बसला व्हता. म्हनलं, "येडू, तुज्या टाळ्यांपायी माझं कुक्कू पुसलं जाईल. जाळी लाव, मगच जा." त्येचं तोंड उतरलं. गेला सायबाकडं. सायब म्हनला, तू आलास की पावनं यायचं हायती, त्ये गेल्यावर बगू. आनि ह्यो माघारी आला! पाय आपटायचा, मी जात न्हाय म्हनायचं, तर गप माघारी आला. खोटं कशाला बोलू, त्येलाबी टाळ्या ग्वाड लागायच्या. म्हनला, "वैनी, पुन्याहून आलो की माझ्या हातानं जाळी बशिवतो. आई शप्पत."

येडू गेल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी मी कांड्यांची टोपली घिऊन मागखात्यात शिरले आनि ठोका बोदा झाला. मी वरडले. येवड्या कल्लोळात माझं वरडनं कोन ऐकतंय? मालक वाकून तुटलेला धागा जोडत व्हतं. धोटा नीट डाव्या डोळ्यावर.

आनि ऐका, दुसऱ्या दिवशी भोंग्याच्या आदी जाळी लागली. कुटनं आली? गुदामातनं. धूळ पुसली आनि लावली. खंडेनवमीपासनं हितंच पडली व्हती मेली!

येडू आला त्या दिवशी टेसनावर ताशा वाजला. दवाखान्याच्या खिडकीखालनं पोरं वरडत गेली, "येडूनं झेल घेतला, येडूनं मॅच काडली!" लई अवघड झेल व्हता म्हनं, बॅटवरनं नाकासमोर आलेला, दोनी टीमची मानसं उटून उभी ऱ्हायली. टेसनावर कुनीतरी त्येला सांगितलं आसनार. त्यो पळत आला. गळ्यातला हार काडून दाराभायेर टाकला आनि खाटंजवळ उभा ऱ्हायला. मालकांच्या दोनी डोळ्यांवर पट्टी. चप्पल वाजल्याबरुबर मालक म्हनलं, "येडू, झेल घेतलास का रं?"

येडूनं माझ्याकडं बगितलं.

"सुटला, दादा."

"आसू दे. फुडच्या खेपंला."

फुडची खेप आलीच न्हाय. त्या दिसापासनं त्येच्या हातात चेंडू ऱ्हाईना. सोपं सोपं झेल सुटायचं. सायब म्हनला, हात गेलं. आनि येडूला कायमचा मागावर धाडला. मालकांच्या जागी त्योच उभा ऱ्हायला, मालकांचा डावा डोळा गेला, उजव्यानं अंधुक दिसायचं, म्हून त्ये चाळीच्या दारात बसून ऱ्हायलं. माझ्या मनात राग व्हता, लई व्हता. पन त्येचं ताट मीच वाढायची.

फुडच्या खंडेनवमीला सनाला म्हून मालकांना मिलमदी नेलं. समद्या मागांच्या जाळ्या पूजेला काडल्या. येडूनं त्या मागाची मातर काडू दिली न्हाय, जाळीलाच कुक्कू लावलं. मालकांनी जाळीवरनं हात फिरवला आनि हळूच म्हनलं, "येडू, त्या दिवशी माझ्या डोळ्याला पट्टी व्हती रं, कानाला नव्हती. पोरं वरडताना म्या ऐकलं. कसा घेतलास, सांग की आता."

येडूची मान खाली. "सुटला, दादा."

"आरं, माझा डोळा तर गेलाच," मालक म्हनलं, "झेल तरी ऱ्हाऊ दे की मला. म्याच शिकवला व्हता तुला."

येडू वाकून जाळी घट बसलीय का बगत ऱ्हायला. मग मी मालकांचा हात धरला आनि घरी घिऊन आले.