मधला दाणा

वाळूजच्या एका प्लास्टिक कंपनीत मी अठरा वर्षं दाणे बनवायचं मशीन चालवत होतो. लॅबप्रमुखाची खुर्ची रिकामी झाली, तेव्हा ती आपलीच, असं बजाजनगरातल्या अर्ध्या गल्लीला सांगून बसलो होतो. मग लॅबमध्ये देवगाव रंगारीची एक पोर लागली. पहिल्या दिवसापासून मी तिच्यावर जळलो.

तेव्हा नायलॉन आणि पॉलिप्रोपिलीन एकत्र वितळवून गाड्यांच्या भागांसाठी दाणा करायचा होता. माझी रीत एकच. मिसळत नाही? मशीनमधला घुसळणारा स्क्रू अजून जोरात फिरवा. पण त्या दाण्याची नमुना पट्टी काढून वाकवली की कांद्यासारखे पापुद्रे सुटायचे.

"काका," ती म्हणाली, "कितीबी घुसळा, या दोघांचं जमायचं नाय. मधी कोपॉलिमर घालावं लागतं. त्याचं एक अंग पॉलिप्रोपिलीनमध्ये मिसळतं, दुसरं नायलॉनला धरतं. सोयरिकीत दोन्हीकडचा माणूस लागतो ना, तसं."

साहेबांना पटलं. माझ्या अंगाची लाहीलाही झाली, त्यात ते 'काका'!

चाचणी माझ्याच पाळीत होती. तिनं मोजून दिलेलं कोपॉलिमर मी घातलंच नाही. पापुद्रे सुटले, साहेबांचं तोंड उतरलं आणि मला काय गार वाटलं म्हणून सांगू!

पण मोटरवरचा भार दर पंधरा मिनिटांनी वहीत लिहायची माझी जुनी सवय. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. कोपॉलिमरनं नायलॉन धरलं की वितळलेला माल घट्ट होतो आणि भार चढतो. माझ्या वहीत तो जागचा हलला नव्हता. तिनं वही वाचली, माझ्याकडं पाहिलं.

"साहेब, फीडर अडकला असंल," ती म्हणाली. "कोपॉलिमर पडलंच नाय. काकांनाच पुन्हा चालवू द्या."

या वेळी मी ते घातलं. पट्टी दुमडली तरी पापुद्रा सुटला नाही. महिन्याभरात खुर्ची तिला मिळाली. पेढे घेऊन ती आधी माझ्याकडं आली.

"फीडर अडकला नव्हता," मी म्हणालो.

"व्हय. ठाव होतं मला."

"मग साहेबांना सांगितलं का नाहीस?"

"तुमची नोकरी गेली असती, काका. घ्या, पेढा घ्या."

मी घेतला. खुर्चीचं आता काही वाटत नाही. पण तिच्या जागी मी असतो, तर धावत साहेबांकडं गेलो असतो, हे मला पक्कं माहीत आहे. त्यावरून मी तिच्यावर अजून जळतो.